मुहूर्त कोणासाठीं?

लग्नपत्रिकेवर छापलेला मुहूर्त हा केवळ ज्योतिषाचा विषय आहे, अशी आमच्या यजमानमंडळींची समजूत दिसते. आमच्या मतें तें एक वचन आहे, आणि विशेषेंकरून तें परगांवच्या पाहुण्यास दिलेलें असतें. उशीर झाला तर गांवकरी घरीं जाऊन पुन्हां येऊं शकतो. पाहुण्याला जावयास घर नसतें.

गेल्या वैशाखांत एका मित्राच्या विवाहानिमित्त श्रीगोंद्यास सपत्नीक जाण्याचा योग आला. पत्रिकेंत 'सहकुटुंब सहपरिवार' असें अगत्याचें बोलावणें होतें. जुन्या बोलींत 'कुटुंब' म्हणजे पत्नी. तेव्हां निमंत्रण आम्हीं अक्षरशः पाळलें. दौंड-मनमाड लोहमार्गावर 'श्रीगोंदा रोड' नांवाचें स्थानक आहे. त्या नांवांतील 'रोड' या शब्दाचा अर्थ तेथें उतरल्यावरच नीट उमगतो. मुहूर्त दुपारीं १२ वाजून ३५ मिनिटांचा. 'योगसंग्राम' हा ग्रंथ मराठींत लिहिणाऱ्या शेख महंमदांची समाधि याच गांवीं आहे. तेथें आधीं जावें असा बेत होता, पण मुहूर्त चुकेल या धास्तीनें तो सोडून आम्ही सरळ मांडवांत जाऊन बसलों.

लग्न लागलें पावणेतीन वाजतां. मधला सारा वेळ ध्वनिक्षेपकावरून आजी-माजी पदाधिकाऱ्यांचीं नांवें पुकारलीं जात होतीं. प्रत्येकास फेटा, शाल आणि श्रीफळ, आणि बहुतेकांचे दोन आशीर्वादपर शब्द. एक थोर पाहुणे दुसऱ्या गांवचें लग्न उरकून 'निघाले आहेत', असें तीन वेळां सांगण्यांत आलें. आम्हांस निदान वराची मैत्री होती. बायकांच्या बाजूस एकट्या बसलेल्या आमच्या कुटुंबाचें तेथें ना सासर होतें, ना माहेर. वैशाखाचें ऊन पत्र्यावरून खालीं उतरत होतें. पाणी पिऊन पुढची अडचण कोणास सांगावी, या विचारानें तिनें चार तास पाण्याचा घोट घेतला नाहीं. हें तिनें आम्हांस परतीच्या गाडींत सांगितलें. मांडवांतील किती बायकांनीं असेंच केलें असेल, याची विचारपूस करण्याचें कोणा व्यवस्थापकाच्या मनांत आलें असेल काय?

आमच्या पूर्वजांपाशीं घड्याळें नव्हतीं; घटिकापात्र होतें. तळास बारीक छिद्र असलेली वाटी पाण्यावर सोडावी. ती भरून बुडाली कीं एक घटका, म्हणजे २४ मिनिटें, झाली. त्या वाटीवर लग्नें लागत. कोणा मातब्बरासाठीं ती तरंगत राहत नसे. आज प्रत्येकाच्या खिशांत सेकंद मोजणारें यंत्र आहे, आणि घटका तेवढी हरवली आहे!

यावर उत्तर मिळतें कीं, मोठ्यांचा मान ठेवावा लागतो. हें अगदींच पोकळ नाहीं, हें आम्ही मान्य करतों. ज्या जिल्ह्यांत १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखानदारीचा पाया घातला गेला, तेथें उसाची तोड, सोसायटीचें कर्ज आणि बाजार समितीचा व्यवहार हीं सारीं माणसांच्या ओळखीवर चालतात, अशी शेतकऱ्याची धारणा आहे. वधूपित्यानें या ओळखी दुखवाव्या असें कोण म्हणेल? म्हणूनच आमचा राग त्याच्यावर नाहीं. तो व्यासपीठावरील शाल स्वीकारणाऱ्यांवर आहे. त्यांच्यापैकीं एकानें 'आधीं लग्न लावा' एवढें म्हटलें असतें, तर त्याचा शब्द मोडण्याची कोणाची छाती होती? कोंढाण्यासाठीं तानाजीनें १६७० सालीं स्वतःच्या घरचें लग्न मागें सारलें, असें आपण मुलांस शिकवितों. आमचे पुढारी दुसऱ्याच्या घरचें लग्न मागें सारतात, आणि तेंही शालीसाठीं.

हें अशक्य आहे असेंही नाहीं. एप्रिल २०२१ मध्यें साथीच्या दिवसांत सरकारनें लग्नास २५ माणसें व दोन तास एवढीच मर्यादा घातली होती. त्या दिवसांत सत्कारावांचून कोणाचा संसार अडल्याचें आमच्या कानीं आलें नाहीं. पुढें २०२५ सालीं अहिल्यानगरांत मराठा समाजांतील मंडळींनीं विवाहाची आचारसंहिता ठरविली. डीजे, प्री-वेडिंग चित्रण, पाहुण्यांची गर्दी यांवर तींत कटाक्ष होता. तो योग्यच. परंतु डीजे बंद करणें सोपें आहे. तो भाड्यानें आणलेला असतो. ध्वनिक्षेपकासमोरचा माणूस बंद करणें कठीण.

परतीची गाडी गांठावयाची होती, म्हणून पंगतींत दोन घांस घेऊन उठलों. शेख महंमदांचें दर्शन राहिलें तें राहिलेंच. चार दिवसांनीं मित्राचा फोन आला. बिचाऱ्याला कांहींच ठाऊक नव्हतें. 'वहिनी नीट जेवल्या ना? कांहीं गैरसोय तर झाली नाहीं?' असें त्यानें मनापासून विचारलें. आम्ही बोलण्यास तोंड उघडलें, तोंच कुटुंबानें फोन घेतला आणि म्हटलें, 'छे हो, भाऊजी, लग्न फार छान झालें.'