विश्लेषण : अजिंठ्याचा परदेशी पर्यटक दोंडाईचाला का उतरत नाही?

दत्त जयंतीला, साधारण डिसेंबरात, तापीकाठी सारंगखेड्याला घोड्यांचा प्रसिद्ध बाजार भरतो. रेल्वेने येणाऱ्यांसाठी जवळचे स्थानक दोंडाईचा. अजिंठ्यात परदेशी पर्यटकांचा हंगामही तेव्हाच असतो. अजिंठ्याला जाण्यासाठी सोयीचे जळगाव जंक्शन आणि दोंडाईचा, दोन्ही सुरत-भुसावळ मार्गावरच आहेत. तरीही अजिंठ्याचा पर्यटक इकडे सहसा वळत नाही.

परदेशी पर्यटक फिरतो कसा?

तो एकच ठिकाण पाहून क्वचितच परततो. मुंबईत उतरायचे, छत्रपती संभाजीनगरला मुक्काम करून वेरूळ पाहायचे, मग अजिंठा आणि तिथून सुमारे ६० किलोमीटरवरच्या जळगावहून रात्रीच्या गाडीने भोपाळ किंवा आग्रा गाठायचे, हा रुळलेला मार्ग. अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असते, त्यामुळे दिवसही मोजून ठरवलेले असतात.

ठिकाणांचे जाळे म्हणजे काय?

प्रत्येक ठिकाण एक बिंदू समजा. एकाच सहलीत दोन ठिकाणे पाहिली, की त्यांच्यात एक रेघ. अशा हजारो सहलींच्या रेघा काढल्या, की जाळे दिसते. त्यात मुंबई-दिल्ली ही प्रवेशद्वारे, अजिंठा-वेरूळ ही १९८३ पासूनची जागतिक वारसास्थळे आणि जळगाव हा केवळ गाडी पकडण्याचा दुवा. दोंडाईचाला तर ही रेघच पोहोचत नाही.

आकड्यांतून काय कळत नाही?

तिकीट खिडकीवर किती जण आले ते कळते. ते कुठून आले आणि पुढे कुठे गेले, हे कळत नाही. नियोजनाला खरी गरज या दुसऱ्या माहितीची आहे.

मग करायचे काय?

सारंगखेड्यात चेतक महोत्सव होतो, तंबूंचे गाव उभे राहते. पण नुसते आकर्षण वाढवून रेघ जुळत नाही. दत्त जयंतीची तारीख पंचांगात आधीच ठरलेली असते. परदेशी पर्यटकही काही महिने आधी बेत आखतो. म्हणून तारीख लवकर जाहीर करावी. फर्दापूरला आणि जळगाव स्थानकावर इंग्रजी, जपानी माहितीफलक लावावेत. दोंडाईचा स्थानकावर गाडीच्या वेळेला सारंगखेड्याची बस उभी हवी आणि संध्याकाळी जळगावहून पुढची गाडी मिळेल, अशी परतीची सोयही हवी. नवा महोत्सव भरवण्यापेक्षा हे स्वस्त आहे. पर्यटकाचा एक दिवस वाढला, तर त्याचा पैसा खान्देशातल्या टॅक्सीवाल्यापर्यंत आणि खाणावळीपर्यंत पोहोचेल.