गाळलेले पाणी आणि खाणीतले पाणी



माझे एक स्नेही बांधकाम-साहित्याचे पिढीजात व्यापारी आहेत. शहराबाहेर त्यांचा दगडखाणीचा पट्टा आहे, शेजारीच खडीचा क्रशर. घरी पाणी दुहेरी वस्त्रातून गाळून घेण्याची रीत आजही मोडलेली नाही. दोन वर्षांपूर्वी ऐन चैत्रात खाणीलगतचे एक वयस्क शेतकरी त्यांच्या पेढीवर आले. म्हणाले, "शेठ, तुमचा पंप रात्रंदिवस पाणी फेकतोय आणि माझ्या विहिरीला तळ लागलाय. ते पाणी येतंय कुठनं, तेवढंच विचारायला आलो."

स्नेह्यांना उत्तर सुचले नाही. आपण उत्तर शोधू या.

महाराष्ट्राचा बहुतांश भूभाग काळ्या कातळाचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. अखंड कातळात पाणी राहत नाही. ते राहते वरच्या मुरमात आणि कातळाच्या भेगांत. खाणीचा तळ ह्या पाण्याच्या पातळीहून उंच असतो, तोवर शेजाऱ्याची विहीर सुरक्षित असते. तळ त्या पातळीखाली गेला की खाण हीच पंचक्रोशीतील सर्वांत मोठी विहीर होते. तळ कोरडा ठेवण्यासाठी पंप लावला की भोवतालच्या भेगांतील पाणी खाणीकडे ओढले जाते. शेतकऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर एवढेच आहे: ते पाणी त्यांच्याच विहिरीचे होते.

नदीकाठच्या गोटे-वाळूच्या थरांची गोष्ट याहून नाजूक. तो थर म्हणजे पाण्याची कोठी. त्यावरची माती हे त्या कोठीचे झाकण आणि निसर्गाने घातलेले गाळणेही. माती खरवडून काढली की यंत्रातून गळलेले डिझेल वा तेल थेट पाण्यापर्यंत पोहोचण्यास अडसर उरत नाही.

ह्या बाबतीत स्वित्झर्लंडचे उदाहरण पाहण्याजोगे आहे. त्या देशाचे सुमारे ८० टक्के पिण्याचे पाणी झरे आणि भूजल यांतून येते, आणि बांधकामाचे गोटे-वाळूही बहुधा त्याच खोऱ्यांतून निघतात. व्यापार हवा आणि पाणीही हवे, अशी ही अडचण. तेथील १९९१ च्या जलसंरक्षण कायद्याने आणि १९९८ च्या नियमावलीने तिच्यातून वाट काढली. पिण्याच्या पाण्याच्या संरक्षित क्षेत्रात खोदकाम नाही. वापरण्याजोग्या भूजलसाठ्यात पातळीखाली उतरायचे नाही. वर खोदायचे तरी दहा वर्षांतील सर्वोच्च भूजलपातळीच्या वर किमान २ मीटर जाडीचा थर शिल्लक ठेवायचा. काम संपल्यावर जमीन अशी पूर्ववत करायची की तिची पाणी राखण्याची मूळ शक्ती परत यावी. नफ्यातील २ मीटर जमिनीत ठेवून येणे, हा त्या नियमाचा अर्थ व्यापाऱ्याला सहज कळावा.

खाण संपते तेव्हा दुसरी परीक्षा सुरू होते. रिकामा खड्डा म्हणजे शहरातील राडारोड्याला आयती जागा. ठेकेदार प्रत्येक ट्रकमागे पैसे मोजण्यास तयार असतो. पण त्या राडारोड्यात प्लास्टरचे जिप्सम असते, रंगाचे डबे आणि डांबर असते, कधी घरगुती कचराही असतो. पावसाचे पाणी त्यातून झिरपते आणि विरघळलेले क्षार व विषारी द्रव्ये घेऊन भेगांत उतरते. विहीर आटली तर निदान दिसते. नासली तर पुष्कळदा वर्षानुवर्षे कळत नाही. म्हणून भराव हवा तो स्वच्छ मातीमुरमाचाच. प्रारंभी काढलेली वरची सुपीक माती वेगळी, कमी उंचीच्या ढिगांत राखावी आणि कोरड्या दिवसांत शेवटच्या थराला वापरावी. अवजड यंत्रांनी ती दाबली गेली तर पाणी मुरणे थांबते आणि जमीन केवळ दिसायला पूर्ववत होते.

आपल्याकडे नियम नाहीत असे नव्हे. २७ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरांहून लहान खाणपट्ट्यांनाही पर्यावरणविषयक मंजुरी आवश्यक ठरविली. भूजलपातळीखाली न जाणे, खाणीभोवती चर काढणे, गाळाचे पाणी निवळल्यावाचून ओढ्यात न सोडणे, अशा अटी मंजुरीपत्रांत असतात. ते पत्र कपाटात राहते आणि खाण मात्र खोल जाते, ही खरी व्यथा.

श्रावकाला तर ह्या अटी नव्या वाटू नयेत. उपासकदशांगात सातव्या व्रताच्या संदर्भात पंधरा कर्मादाने सांगितली आहेत. भूमी फोडणारे स्फोटकर्म त्यांत आहे, आणि तळी-सरोवरे सुकविणारे सर-द्रह-तडाग-शोषणही आहे. जो व्यवसाय आपण आधीच पत्करलेला आहे, त्यात निदान दुसरा दोष पहिल्याला जोडू नये, एवढा विवेक तरी आपल्या हाती आहे. पेल्यातील पाणी गाळताना आपण ज्या जीवांची चिंता वाहतो, ते जीव खाणीच्या पाण्यात नाहीत काय?

माझ्या स्नेह्यांनी त्या वर्षी तीन गोष्टी केल्या. खोलीकरण थांबवून पंप बंद केला. खाणीत साठलेले पाणी निवळवून, नळ टाकून त्या शेतकऱ्याच्या पिकासाठी दिले. आणि राडारोड्याचा ठेका नाकारला. त्यात तोटा झाला. धाकट्या भावाशी वादही झाला. विहिरीला पूर्वीइतके पाणी आले असे म्हणता येत नाही; पण गेल्या चैत्रात तिचा तळ दिसला नाही. ते शेतकरी आता अधूनमधून पेढीवर येतात. प्रश्न विचारायला नव्हे, चहाला.

आपल्यापैकी ज्यांचा खाण, क्रशर वा भरावाच्या जमिनीशी संबंध आहे, त्यांनी ह्या दिवाळीला वहीपूजनापूर्वी तीन प्रश्न स्वतःस विचारावेत. आपल्या खाणीचा तळ भूजलपातळीपासून किती वर आहे? खड्ड्यात काय पडते आहे? आणि शेजारच्या विहिरीत यंदा पाणी किती हात आहे? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर कागदावर मिळणार नाही. त्यासाठी त्या विहिरीच्या काठावर जाऊन उभे राहावे लागेल.