रंगाआधी भिंत पाहावी

पावसाळा ओसरू लागला की घरोघरी रंगकामाचे वेध लागतात. वहीपूजनापूर्वी घर आणि पेढी दोन्ही उजळून निघावीत, ही इच्छा स्वाभाविकच आहे. मात्र भिंतींनी सर्वाधिक पाणी शोषलेले असते ते याच दिवसांत. दिवाळीत लखलखणाऱ्या भिंतीचे होळीपर्यंत पोपडे सुटतात आणि ठपका रंगाऱ्यावर किंवा रंगाच्या डब्यावर येतो. खरा दोष बहुधा रंगाखालच्या भिंतीत असतो.

ओल आहे की नाही, हे ओळखण्याची रीत सोपी आहे. प्लॅस्टिकच्या पारदर्शक कागदाचा हातभर लांब-रुंद तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट बसवावा आणि 24 तासांनी पाहावा. कागदाच्या आतल्या बाजूस पाण्याचे थेंब दिसले, तर भिंत आतून ओली आहे. थेंब बाहेरच्या बाजूस असतील, तर दमटपणा खोलीच्या हवेतला आहे. तेथे खिडक्या उघड्या ठेवणे, पंखा चालवणे हाच उपाय. भिंत आतून ओली असल्यास रंग थांबवून पाण्याचा मार्ग शोधावा. गच्चीवर साचलेले पाणी, बाहेरच्या गिलाव्याची भेग, फुटके पन्हळ, भिंतीपलीकडच्या न्हाणीघरातील गळका नळ, ही नेहमीची कारणे होत. ओल जमिनीलगतच असेल, तर ती पायातून वर चढणारी असू शकते. अशा भिंतीवर ऑइलपेंट दिल्यास पाणी आत कोंडते, फुगे येतात आणि ओल आणखी वर सरकते.

ओलीबरोबर लोणा येतो. विटा व सिमेंटमधील क्षार पाण्याबरोबर पृष्ठभागावर येऊन पांढरी पूड जमते. ती पाण्याने धुऊ नये. क्षार विरघळून पुन्हा भिंतीत मुरतात. कोरड्या ब्रशने झाडून काढावी. काळ्या ठिपक्यांची बुरशी मात्र रंगाखाली झाकून नाहीशी होत नाही. ती आधी स्वच्छ करून भिंत वाळवावी. त्यासाठी ब्लीच वापरायचे झाल्यास हातमोजे घालावेत, खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि ते ॲसिडमध्ये कधीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो.

भिंत कोरडी असूनही पोपडे सुटतात, त्याचे कारण जुना चुना किंवा भुरभुरीत डिस्टेंपर. भिंतीवरून तळहात फिरवावा. हाताला पांढरी भुकटी लागली, तर तो थर पत्तीने खरवडलाच पाहिजे. भुकटीवर दिलेला भारी रंगही भुकटीसह गळतो. नव्या गिलाव्याला साधारण 28 दिवस द्यावेत. लांबी एकाच जाड थरात न भरता दोन पातळ हातांत भरावी, वाळल्यावर पॉलिश पेपरने घासावी, धूळ पुसावी आणि मगच प्रायमर द्यावा.

केसाएवढ्या भेगा किंचित रुंद करून, धूळ काढून भराव्यात. मोठ्या तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहावी. तडा खुणेपलीकडे वाढला, तर ते काम रंगाऱ्याचे नसून अभियंत्याचे आहे.

प्रत्यक्ष रंगात धब्बे पडतात ते दोन कारणांनी: डब्यावर सांगितल्यापेक्षा अधिक पाणी घातल्याने आणि भिंत अर्धवट सोडल्याने. एक भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एका दमात पूर्ण व्हावी. एकाच छटेच्या दोन डब्यांतही सूक्ष्म फरक असू शकतो. म्हणून एका खोलीचे डबे मोठ्या बादलीत एकत्र करून घ्यावेत. छटेचा क्रमांक लिहून ठेवावा आणि थोडा रंग पुढच्या डागडुजीसाठी राखावा. फुगा आलाच, तर त्यावरून रंग न फिरवता तो खरवडून, भिंत वाळवून, पुन्हा प्रायमरपासून सुरुवात करावी.

एक सावधगिरी लहान मुलांसाठी. घरगुती रंगातील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत 90 भागांपर्यंत मर्यादित करणारा नियम आपल्या देशात नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या ऑइलपेंटमध्ये शिसे अधिक असण्याचा संभव असतो. दारे-खिडक्यांवरील असा थर कोरडा घासू नये. पाणी लावून घासावा, पडलेली भुकटी ओल्या फडक्याने टिपावी आणि मुले व गर्भवती स्त्रिया यांना त्या खोलीपासून दूर ठेवावे.

रंगाऱ्याशी दर ठरवताना खरवडणे, लांबीचे हात, प्रायमर आणि रंगाचे हात वेगवेगळे लिहून घ्यावेत. केवळ चौरस फुटाचा दर ठरला, की काटकसर होते ती नेमकी न दिसणाऱ्या कामात. एखादी भिंत दिवाळीपर्यंत वाळली नाही, तर ती तेवढी थंडी सरेपर्यंत तशीच राहू द्यावी. पाहुण्यांना एक जुनी भिंत दिसेल, इतकेच. ओल्या भिंतीवर लावलेला रंग मात्र दुसऱ्यांदा विकत घ्यावा लागतो.