परदेशी निधीची वाट अरुंद झाली. आपला विसावा हिस्सा कुठे आहे?

बौद्ध युवकांची आंतरराष्ट्रीय परिषद, प्रशिक्षण शिबिर, शांतता यात्रा यांचे निरोप आता थेट आपल्या मोबाईलवर येतात. पाठोपाठ क्यूआर कोड येतो: प्रतिनिधींच्या तिकिटासाठी मदत करा. चार दिवस आवाहन फिरते, आठ-दहा जण पैसे टाकतात आणि उरलेली रक्कम एखादा पुढारी नाहीतर बिल्डर भरतो. मग मंचावर कोण बसणार, बॅनरवर कोणाचा फोटो लागणार, हेही तोच ठरवतो. जगभरच्या बौद्ध तरुणांशी नाते आपल्याला हवेच आहे. पण ते कोणाच्या पैशावर उभे आहे, हा प्रश्न टाळून चालणार नाही.

हे नाते नवे नाही. जागतिक बौद्ध परिषदेसाठी बाबासाहेब १९५० मध्ये श्रीलंकेला, १९५४ मध्ये रंगूनला आणि १९५६ मध्ये काठमांडूला गेले. त्याच १९५६ मध्ये, १५ ऑक्टोबरच्या नागपूरच्या भाषणात त्यांनी उत्पन्नाचा विसावा हिस्सा धम्मकार्यासाठी देण्याचे आवाहन केले. म्हणजे शंभर रुपयांतले पाच. भाषण आपण दरवर्षी ऐकतो. विसावा हिस्सा मात्र फारसा निघत नाही.

दुसरीकडे ब्रिटनमधल्या करुणा ट्रस्टचे उदाहरण पाहा. त्रिरत्न बौद्ध संघाशी जोडलेले हे काम १९८० मध्ये सुरू झाले. स्वयंसेवक काही आठवडे एकत्र राहतात, ध्यान करतात आणि संध्याकाळी अनोळखी घरांची दारे ठोठावतात. ते एकरकमी मोठी देणगी मागत नाहीत; दरमहा खात्यातून आपोआप जाणारी छोटी रक्कम मागतात. त्या पैशातून महाराष्ट्रातही आपल्या मुलामुलींच्या वसतिगृहांना आधार मिळाला. बाबासाहेबांचे नावही न ऐकलेल्या दारात उभे राहून तिथले तरुण आपल्यासाठी मागू शकले. आपण आपल्याच नगरातली दारे का ठोठावत नाही?

हा प्रश्न आज तातडीचा झाला, कारण कायदा बदलला आहे. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी निधी नियमन कायद्याखाली, म्हणजे एफसीआरएखाली, मिळालेला निधी एक संस्था दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही. मोठ्या संस्थेने निधी घ्यायचा आणि गावोगावच्या छोट्या मंडळांना वाटायचा, ही पद्धत बंद झाली. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. नवी नोंदणी हवी असेल तर साधारणपणे तीन वर्षांचे काम आणि त्या काळात मूळ कार्यावर किमान १५ लाख रुपयांचा खर्च दाखवावा लागतो. वस्तीतले कोणते युवा मंडळ हे दाखवणार? ज्याला सर्वाधिक गरज, त्याच्याच तोंडावर दार लागले.

यात एक बारकावा कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यावा. परदेशात नोकरी करणाऱ्या, पण भारतीय नागरिकत्व कायम असलेल्या आपल्या बांधवाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी निधी ठरत नाही. त्यानेच तिकडचे नागरिकत्व घेतले, तर तीच देणगी परदेशी ठरते, मग ती रुपयांत का दिलेली असेना. त्यामुळे परदेशातून आलेला पैसा कोणाच्या तरी वैयक्तिक खात्यात घेऊन पुढे वाटू नये. अशा एका व्यवहाराने संपूर्ण मंडळ अडचणीत येऊ शकते.

आणि आपण नेहमी घेणारेच का असावे? मार्च २०२५ मध्ये म्यानमारच्या मंडाले-सगाइंग भागात मोठा भूकंप झाला. तिथल्या तरुणांना मदत करावी, असे आपल्याकडेही अनेकांच्या मनात येते. मात्र धर्मादाय संस्थेने भारताबाहेर खर्च केला, तर विशेष मंजुरीशिवाय त्या खर्चावर आयकराची सवलत मिळत नाही. व्यक्तीला मात्र रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार, ठरलेल्या मर्यादेत, स्वतःच्या खात्यातून परदेशी देणगी पाठवता येते. वाट आहे, ती माहीत हवी.

आमचे म्हणणे साधे आहे. शंभर घरांच्या विहाराने घरटी महिन्याला ५० रुपये काढले, तर वर्षाला ६० हजार जमतात. त्यातून दोन प्रतिनिधी शेजारच्या देशात जाऊन येतील, उरलेल्यात एखादे शिबिर होईल, आणि कोणाचाही फोटो लावावा लागणार नाही. त्यासाठी तीन गोष्टी पाळाव्यात. मंडळ नोंदणीकृत नसेल, तर वर्गणीआधी धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी घ्यावी. पैसा मंडळाच्या खात्यातच यावा आणि प्रत्येकाला पावती मिळावी. दर पौर्णिमेला जमाखर्च विहाराच्या फलकावर लागावा. परिषदेहून परतलेल्या प्रतिनिधीनेही वस्तीसमोर उभे राहून काय शिकलो ते सांगावे. देणाऱ्याचा तो हक्क आहे. प्रतिनिधी निवडताना मुलींची नावे शेवटी आठवू नयेत, हेही त्यातच आले.

परदेशी मित्रांची मदत नाकारा, असे आम्ही म्हणत नाही. ती कायद्याच्या चौकटीत जरूर घ्यावी. पण ती थांबली की चळवळ थांबते, अशी अवस्था असेल तर तिला आपली चळवळ म्हणता येणार नाही. दान ही पहिली पारमिता आहे. येत्या वर्षावासात प्रत्येक युवा मंडळाने निदान दहा घरांची मासिक नोंद करावी. सुरुवात पाच टक्क्यांनी होणार नाही, पाच रुपयांनी होईल. तीही चालेल, पण ती दर महिन्याला व्हायला हवी.