दुरुस्तीचा हक्क आणि ग्राहकाचे अज्ञान

अध्यापन, कचेरीतील कामकाज आणि विद्यार्थ्यांचा अभ्यास ही तिन्ही आता मोबाइल व लॅपटॉप यांच्यावाचून अडू लागली आहेत. साहजिकच ही यंत्रे बिघडली की मध्यमवर्गीय कुटुंबाच्या अंदाजपत्रकाला खिंडार पडते. यंत्र मंद झाले, तापू लागले किंवा चार्ज होईना, की ‘आता नवेच घ्या’ हा सल्ला ठरलेला. तो वरवर तांत्रिक वाटला तरी वस्तुतः आर्थिक आहे. आणि तो देणाऱ्याचे हित ग्राहकाच्या हिताशी जुळतेच असे नाही.

वस्तूची खरी स्थिती विक्रेत्यास ठाऊक आणि ग्राहकास अज्ञात असली, की बाजाराचा तोल ढळतो, हे जॉर्ज अकरलॉफ यांनी जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन १९७० साली दाखवून दिले. दुरुस्तीच्या व्यवहारात ही विषमता अधिकच तीव्र होते. कारण येथे रोगाचे निदान करणारा आणि औषध विकणारा पुष्कळदा एकच असतो.

नेहमीच्या तक्रारीच पाहा. फोन मंद होतो तो बहुधा साठवणुकीची जागा भरून गेल्यामुळे. अनावश्यक चित्रफिती काढून टाकल्या की तो पुन्हा चालू लागतो. चार्ज न होणाऱ्या फोनच्या खाचेत अनेकदा खिशातील धूळ साचलेली असते, किंवा दोष केबलचा असतो. लॅपटॉपच्या तापण्यामागे पुष्कळ वेळा पंख्यात अडकलेली धूळ असते. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसविली, तर रडतखडत चालणारा लॅपटॉप आणखी काही वर्षे सेवा देतो. बॅटरी ही तर झिजणारीच वस्तू आहे. टायर झिजला म्हणून कोणी मोटार भंगारात काढत नाही! मात्र फुगलेल्या बॅटरीस स्वतः हात लावू नये. यंत्र बंद करून ते जाणकाराकडेच न्यावे. आणि कोणतेही यंत्र दुरुस्तीस देण्यापूर्वी आपल्या मजकुराची प्रत अन्यत्र काढून ठेवावी.

परंतु सारा दोष ग्राहकाच्या अज्ञानावर टाकणे अन्यायाचे होईल. बॅटरी जुनी झालेल्या आयफोनचा वेग आपणच कमी करतो, हे ॲपलने २०१७ साली मान्य केले. ही माहिती ग्राहकांना न दिल्याबद्दल फ्रान्समध्ये २०२० साली या कंपनीस अडीच कोटी युरोंचा दंड झाला. विंडोज १० ला मिळणारे नेहमीचे मोफत संरक्षण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले, तेव्हा नव्या विंडोजच्या अटींत न बसणारे असंख्य धडधाकट संगणक एका दिवसात ‘जुने’ ठरले. त्यांतील बहुतेकांवर लिनक्स ही विनामूल्य प्रणाली उत्तम चालू शकते, हे मात्र दुकानात कोणी आवर्जून सांगत नाही.

सुरक्षिततेसाठी आणि पाण्यापासून बचावासाठी यंत्र घट्ट बंद करावे लागते, असे उत्पादक म्हणतात. त्यात तथ्य आहे. पण सुटे भाग व माहिती रोखून धरण्याचे समर्थन त्यातून होत नाही. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून फोनचे सुटे भाग वर्षानुवर्षे उपलब्ध ठेवण्याचे बंधन उत्पादकांवर घातले आहे. आपल्या केंद्र सरकारने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि संकेतस्थळही सुरू केले. हे पाऊल स्वागतार्ह खरे. परंतु केवळ माहिती देऊन भागणार नाही, तिला कायद्याच्या सक्तीची जोड हवी.

दुरुस्ती हा श्रमप्रधान व्यवसाय आहे. नव्या यंत्रावर खर्च होणाऱ्या पैशाचा मोठा भाग गावाबाहेर जातो. दुरुस्तीची मजुरी मात्र मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील वा पुण्याच्या तपकीर गल्लीतील कुशल कारागिराच्या घरी पोहोचते. बेकारीने गांजलेल्या देशास हा फरक क्षुल्लक मानता येणार नाही. सुटे भाग किती वर्षे मिळतील आणि बॅटरी बदलण्यास किती खर्च येईल, हे किमतीइतक्याच ठळकपणे वेष्टनावर छापणे बंधनकारक झाले पाहिजे. तोवर ग्राहकाने निदान एक प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी : नेमके बिघडले काय?