मालिश नव्हे, शास्त्र!

बारावी सायन्सचा निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न. मेडिकलला नंबर नाही लागला तर पुढे काय? मग फिजिओथेरपीचं नाव निघतं आणि एखादी आत्या पटकन म्हणते, "अगंबाई, मालिश करायला कशाला एवढं शिकायचं?"

मैत्रिणींनो, या आत्याबाईंसाठीच आज 'कायनेसिऑलॉजी'ची ओळख करून देते आहे. नाव जड आहे खरं. ग्रीक भाषेत 'किनेसिस' म्हणजे हालचाल. आपलं शरीर हलतं कसं, याचं हे शास्त्र.

शाळेत शिकलेली तरफ आठवतेय? टेकू, बल, भार? आपलं कोपर म्हणजे टेकूच. दंडातला बेटकुळीचा स्नायू कोपरापासून जेमतेम ४-५ सेंटिमीटरवर हाडाला जोडलेला असतो आणि पिशवी असते तिथून तीस-पस्तीस सेंटिमीटर लांब, तळहातात. म्हणून कोपर काटकोनात ठेवून २ किलो साखर नुसती धरली, तरी त्या स्नायूला साधारण १५ किलोचा जोर लागतो. तोट्याचा सौदा वाटतो ना? पण त्याच्या बदल्यात स्नायू जरासा आखडला तरी हात झटकन लांबवर पोचतो. वजन अंगाशी धरून उचला, हा सल्ला याच गणितातून आलेला. कडेवरची घागर अंगाला चिकटून असते ती बरीच. मात्र रोज एकाच कडेवर घेतली तर दुसऱ्या बाजूचे स्नायू ताणून दमतात.

हे सगळं फिजिओथेरपीच्या पदवीत शिकवतात. पोलिओच्या साथीनंतर, १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात हे शिक्षण सुरू झालं. आज महाराष्ट्रात या पदवीचा प्रवेश 'नीट'वर होतो. आर्ट्सच्या मुलींनीही हिरमुसू नये. कुठल्याही शाखेच्या पदवीनंतर बी.पी.एड. करता येतं, त्यातही हा विषय असतो. पुढे क्रीडाशिक्षिका किंवा प्रशिक्षक होता येतं.

सुरुवातीचा पगार काही डोळे दिपवणारा नसतो, हेही सांगून टाकते. पण आपल्या गावात गुडघे धरून बसलेल्या, बाळंतपणानंतर कंबर दुखणाऱ्या बायका किती आहेत बघा! पुरुषासमोर दुखणं सांगायला लाजतात, म्हणून वर्षानुवर्षं अंगावर काढतात. तिथे आपलीच एखादी शिकलेली मुलगी असली तर? मला तर पगारापेक्षा हे मोठं वाटतं. आणि पेशंटच्या घरी जाऊन व्यायाम करून घेणं हे कमीपणाचं काम आहे, असं सासरी-माहेरी कुणी म्हणत असेल, तर ते मला अजिबात मान्य नाही.

एक मात्र सांभाळा. 'अप्लाइड कायनेसिऑलॉजी' नावाचा एक निराळाच प्रकार आहे. अमेरिकेतल्या जॉर्ज गुडहार्ट यांनी तो १९६४ साली काढला. हात दाबून, स्नायूचा जोर बघून म्हणे ॲलर्जी आणि पोटाचे आजार ओळखायचे! तपासण्यांमध्ये हा दावा टिकलेला नाही. सारख्या नावामुळे घोटाळा होतो. आठ-पंधरा दिवसांत सर्टिफिकेट देणाऱ्या क्लासची जाहिरात दिसली, तर पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा: पदवी कुठल्या विद्यापीठाची, इंटर्नशिप कुठल्या रुग्णालयात आणि २०२१च्या कायद्याप्रमाणे फिजिओथेरपिस्ट म्हणून नोंदणी होणार का? उत्तरं लेखीच मागा.