भांडण महायुतीचे, पैसा आपल्या वाट्याचा

मे 2025 मध्ये सामाजिक न्याय विभागाचे 410 कोटी 30 लाख रुपये ‘लाडकी बहीण’कडे वळवले गेले. खात्याचे मंत्री संजय शिरसाट शिंदेसेनेचे. गरज नसेल तर खातेच बंद करा, असे ते चिडून म्हणाले. अर्थखाते तेव्हा राष्ट्रवादीच्या अजित पवारांकडे, आणि तेच बीडचे पालकमंत्री!

लाभार्थ्यांत दलित महिलाही आहेत, हे समर्थन अर्धवट आहे. तिला महिन्याचे 1500 रुपये मिळायलाच हवेत, पण इतर बहिणींसारखेच. अनुसूचित जातींच्या निधीला कात्री लावून नव्हे. ऊसतोड कामगारांच्या मुलांची वसतिगृहे याच खात्याची. बीडहून कोयता घेऊन निघणाऱ्या आईला दोन्ही लागतात.

कर्नाटक, तेलंगणात या निधीसाठी कायदा आहे; महाराष्ट्रात तेव्हा नव्हता. शिरसाटांच्या रागाचे कौतुक पुरे, त्यांच्याकडे कायद्याचा मसुदा मागा.